‘हे इथेच का?’ : वारसास्थळांच्या अंगणात भूगोलाचा तास

हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांची औंढा नागनाथला सहल जाते, तेव्हा तिथे त्यांना साधारणपणे तीन गोष्टी सांगितल्या जातात: हे ज्योतिर्लिंग आहे, मंदिर हेमाडपंती आहे आणि ते यादवांच्या काळातले आहे. तिन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. परंतु सहलीहून परतल्यावर त्याच मुलांना वर्गात खडकांचे प्रकार शिकवले जातात, तेव्हा बेसाल्टचे चित्र पुस्तकात दाखवले जाते. आदल्या आठवड्यात ज्या काळ्या भिंतीला पाठ टेकून त्यांनी डबा खाल्ला, ती भिंत त्याच खडकाची होती हे बहुतेकांच्या मनात जुळतच नाही. इतिहास सहलीत राहतो, भूगोल पुस्तकात राहतो आणि मुलाचे स्वतःचे गाव दोन्हींच्या बाहेर राहते. जुने मंदिर, बारव, गढी, जुनी छावणी, नदीकाठचा घाट या साऱ्या जागा भूगोल शिकवण्यासाठी आपल्याला मिळू शकणाऱ्या सर्वांत चांगल्या प्रयोगशाळा आहेत, असे माझे मत आहे. त्यासाठी नवे साहित्य फारसे लागत नाही. लागतो तो प्रश्न बदलण्याचा निश्चय. ‘हे कोणी बांधले, केव्हा बांधले’ याच्या आधी ‘हे इथेच का’ असे विचारायला हवे.

हा प्रश्न भूगोलाचा पाया आहे. वस्ती इथेच का बसली, वाट इथूनच का गेली, दगड कुठून आला, पाणी किती खोल लागले, छप्पर सपाट का आणि उतरते का नाही, याच प्रश्नांतून हा विषय उभा राहतो. वारसास्थळाचे वैशिष्ट्य असे की निसर्गाने दिलेले आणि माणसाने ठरवलेले असे दोन्ही तिथे एकाच जागी, शेकडो वर्षे टिकून राहिलेल्या रूपात दिसते. डोंगर पाहताना माणसाचा निर्णय दिसत नाही. आजची सिमेंटची इमारत पाहताना जमिनीचा प्रभाव दिसत नाही, कारण तिची वाळू, लोखंड आणि सिमेंट सगळेच दुरून येते. जुन्या बांधकामाला मात्र जवळचा दगड, जवळची माती आणि जवळचे पाणी यांच्यावर भागवावे लागले. म्हणून ते आपल्या परिसराविषयी खरे बोलते. परिसरापासून शिकण्याची ही कल्पना नवीही नाही. १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक असलेले पॅट्रिक गेडिस नगररचनेच्या आधी परिसराचे सर्वेक्षण करा, असा आग्रह धरत. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या एका नदीखोऱ्याचा छेद काढून त्यावर माणसांचे व्यवसाय मांडण्याची त्यांची पद्धत आजही शाळेच्या फळ्यावर सहज उतरवता येते.

आपल्या अभ्यासक्रमानेही याला नकार दिलेला नाही. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळे काढण्याची प्रथा बालभारतीने पाळली आहे. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे आणि त्यातला प्रवास नळदुर्गापासून अलिबागपर्यंतचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत आणि ऐतिहासिक, सांस्कृतिक स्थळांच्या भेटींचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्यात २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ही आला. अडचण परवानगीची किंवा धोरणाची नाही. तिसरीत जिल्हा भेटतो आणि दहावीत क्षेत्रभेट येते. मधल्या वर्षांत खडक, मृदा, समोच्च रेषा, स्थानिक वेळ हे सगळे धडे मुलाच्या गावाला न शिवता निघून जातात. भरायची आहे ती ही मधली पोकळी.

सुरुवात दगडापासून करावी, कारण तो हाताला लागतो. औंढ्याच्या मंदिराचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा आहे, शिखराकडचा भाग नंतरच्या काळातला, चुन्यात बांधलेला आहे. हा फरक पाचवीचे मूलही नुसत्या नजरेने सांगू शकते आणि तिथूनच भूगोलाचा तास सुरू होतो. काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचे पठार तयार झाले. त्या थरांचा एखादा तुकडा कारागिरांनी काढला, ताशीव केला आणि एकावर एक बसवला. भिंग घेऊन मुलांना जवळून पाहू द्या. कुठे दगड एकसंध, घट्ट आणि बारीक कणांचा आहे, कुठे त्यात बारीक पोकळ्या आहेत आणि काही पोकळ्यांत पांढरे स्फटिक आहेत. पोकळ्या म्हणजे लाव्हा थंड होताना अडकलेले वायूचे बुडबुडे. मग त्यांना विचारा, कोरीव कामासाठी कारागिराने यांतला कोणता दगड निवडला असेल? उत्तर भिंतीवरच असते. घट्ट दगडावरची मूर्ती आणि सच्छिद्र दगडावरची झीज शेजारी ठेवून पाहिली की ‘अपक्षय’ हा शब्द पाठ करावा लागत नाही. मंदिराची तारकाकृती मांडणीही इथे उपयोगी पडते. भिंतीला अनेक कोन असल्याने प्रत्येक बाजूला ऊन, वारा आणि पाऊस वेगवेगळा लागतो. शेवाळ कोणत्या दिशेला जास्त आहे, रंग कुठे उडाला आहे, हे होकायंत्र हातात धरून नोंदवायला सांगा. कारण मुलांनी शोधायचे आहे, शिक्षकाने आधी सांगायचे नाही.

त्याच दिवशी, किंवा शाळेत परतल्यावर दुसऱ्या दिवशी, एखाद्या उघड्या विहिरीच्या काठावर जावे. मराठवाड्यातली खोदलेली विहीर म्हणजे जमिनीचा कापून ठेवलेला छेद. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग ठिसूळ मांजऱ्या दगड आणि तळाला काळा पाषाण. मंदिराच्या भिंतीतला दगड झिजत झिजत शेताची काळी माती कसा होतो, हे एका उभ्या रेषेत दिसते. विहिरी खोदणाऱ्या गवंड्याला किंवा वडाराला या थरांची नावे पुस्तकापेक्षा नेमकी ठाऊक असतात. त्यांना तासाभरासाठी शाळेत बोलवावे आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवावेत. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे गोळा करून शाळेत त्यांवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकला तर बुडबुडे येतात. दख्खनमध्ये बांधकामाचा चुना बहुधा अशाच खड्यांची भट्टी लावून करत. म्हणजे शिखराकडच्या चुन्याचा धागाही पुन्हा शेताशी येऊन मिळतो. हा प्रयोग शेतातल्या खड्यावरच करायचा, मंदिराच्या गिलाव्यावर कधीही नाही.

पाण्याचा धडा मात्र याहून मोठा आहे आणि हिंगोली जिल्ह्याइतकी सोय त्यासाठी फार थोड्या जिल्ह्यांना लाभली असेल. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते, दक्षिणेला पूर्णा आहे आणि मधून कयाधू नर्सी व हिंगोली या गावांना स्पर्श करत पैनगंगेकडे जाते. पूर्णा आणि कयाधू यांच्या खोऱ्यांच्या मध्ये औंढा परिसरातल्या डोंगररांगा आहेत. आता मुलांसमोर एक कोडे ठेवा. या डोंगराच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब कुठे जातील? दक्षिण उतारावरचा थेंब पूर्णेच्या बाजूला वाहिला तर नांदेडच्या आधीच गोदावरीला मिळेल. उत्तर उतारावरचा थेंब कयाधूत, तिथून पैनगंगेत, पुढे वर्धेत आणि प्राणहितेत जाईल आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याजवळ गोदावरीला भेटेल. निघताना वीतभर अंतरावर असलेले थेंब शेवटी एकाच नदीत येतात, पण मधे सारा विदर्भ येतो. ‘जलविभाजक’ ही व्याख्या मुले परीक्षेनंतर विसरतील, हे दोन थेंब विसरणार नाहीत. ही रेषा नेमकी कुठून जाते हे शिक्षकाने सांगू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. औंढा ते हिंगोली या पट्ट्यातले ओढे निळ्या पेन्सिलीने गडद करा, प्रत्येक ओढा कोणत्या बाजूला वाहतो ते बाणाने दाखवा आणि बाणांच्या पाठी जिथे एकमेकांना लागतात तिथे लाल रेघ ओढा. सातवीतल्या समोच्च रेषा तेव्हा खऱ्या अर्थाने वाचल्या जातात.

पाण्याचीच दुसरी बाजू बारवेत आहे. बारव मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आहे, कधी पडझड झालेली, कधी गाळाने भरलेली, कधी अजून पाणी राखून असलेली. गेल्या काही वर्षांत ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’मुळे अनेक गावांना आपल्या बारवेकडे पुन्हा पाहावेसे वाटले. भूगोलाच्या शिक्षकाला मात्र तिचा एक वेगळा उपयोग आहे. बारव ही पायऱ्यांची तयार मोजपट्टी आहे. एका पायरीची उंची एकदा मोजून ठेवा. मग दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी पाण्याच्या वर किती पायऱ्या दिसतात एवढेच मोजा. दहा मिनिटांचे काम. त्याचबरोबर आपल्या महसूल मंडळात त्या महिन्यात किती पाऊस पडला तो आकडा नोंदवा. वर्षाअखेर दोन्हींचा एकाच कागदावर आलेख काढला की मुलांना आपोआप काही गोष्टी दिसतील: पाऊस पडल्याबरोबर पाणी चढत नाही, मध्ये काही काळ जातो, पावसाळा संपल्यावरही काही दिवस पातळी टिकते, रब्बीचे उपसे सुरू झाले की ती भराभर उतरते. बेसाल्टमध्ये पाणी वाळूसारखे सगळीकडे साठत नाही, भेगांत आणि मुरमाच्या थरात साठते. म्हणून शेजारच्या दोन विहिरींचे पाणी वेगवेगळे असते आणि म्हणूनच बारवेची जागा निवडणाऱ्याने ती नीट पारखलेली असणार. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. शाळेने बारा वेळा मोजली तर ती नोंद गावाच्याही उपयोगाची ठरेल. बारवेचा कठडा पडलेला असेल किंवा पायऱ्या निसरड्या असतील तर मुलांना खाली उतरवायचेच नाही. दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेला दोर वरून सोडून मोठ्या माणसाने मोजावे, मुलांनी आकडा लिहावा.

बारवेपाशी आणखी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो टाळणे मला अप्रामाणिक वाटते. या पाण्यावर कोणाला येता येत होते आणि कोणाला येता येत नव्हते? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे केले, त्याची गरज का पडली हे गावातल्या पाणवठ्यांच्या नकाशावरून कळते. कोणती वस्ती कोणत्या विहिरीवर जात असे, ती किती लांब होती, तिचे पाणी उन्हाळ्यात केव्हा आटत असे, हे सारे मानवी भूगोलच आहे. मात्र वर्गातल्या कोणत्याही मुलाला त्याच्या घराविषयी उभे करून विचारू नये. गावातल्या जाणत्या माणसांकडून माहिती घ्यावी आणि नकाशावर जागा व अंतरे मांडावीत. अंतरेच पुरेसे बोलतात.

जुन्या गावठाणाविषयीही थोडे सांगायला हवे, कारण मंदिर किंवा बारव नसलेल्या गावातही बहुधा जुनी पांढरी असते. ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द आपल्याकडे शेती आणि गावठाण या अर्थाने वापरले जातात आणि या दोन शब्दांत वस्तीचा सगळा भूगोल सामावलेला आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत उभी केली तर तडा ठरलेला. म्हणून घरे उंचवट्यावरच्या पांढरीवर आणि पिके खालच्या काळीवर. एप्रिलमध्ये शेतातल्या भेगांची रुंदी व खोली पट्टीने मोजायला लावा, मग गावातल्या जुन्या व नव्या भिंतींचे तडे पाहायला लावा. माळवदाचे घर शिल्लक असेल तर त्याच्या आत, पत्र्याच्या खोलीत आणि उघड्यावर दुपारी दोन वाजता तापमापी ठेवून तिन्ही आकडे लिहून घ्या. सपाट छप्पर इथे का चालले आणि कोकणात का चालले नसते, याचे उत्तर पावसाच्या आकड्यांतून काढता येते. हिंगोलीत वर्षाला साधारण आठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस होतो, कोकणात त्याच्या तिपटीहून अधिक.

अक्षांशाचा धडा नर्सीला न्यावा. संत नामदेवांचे गाव म्हणून मानली जाणारी कयाधूकाठची नर्सी मुलांना परिचयाची असते. नामदेव पंजाबात गेले, घुमान येथे राहिले, त्यांची पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि म्हणून नर्सीला शीख भाविकही येतात, हेही त्यांनी ऐकलेले असते. २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानलाच झाले होते. आता या नात्याला सावलीची जोड द्या. २३ सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र समान असताना, शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. दुपारी बारापासून साडेबारापर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सर्वांत आखूड सावली साधारण ३६ सेंटिमीटर भरेल आणि ती बाराला नव्हे, बारा वाजून चौदा मिनिटांच्या सुमारास भरेल. आपण ८२.५ अंश रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहोत म्हणून आपली स्थानिक दुपार घड्याळाच्या मागे असते. आठवीतला स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ यांचा पाठ हाच. काठी आणि सावली १० आणि ३.६ सेंटिमीटर अशा प्रमाणात कागदावर काढून वरचा कोन कोनमापकाने मोजला की सुमारे पावणेवीस अंश येतो आणि तोच हिंगोलीचा अक्षांश. त्याच दिवशी घुमानच्या एखाद्या शाळेने तिथल्या दुपारी हाच प्रयोग केला तर सावली ६२ सेंटिमीटरच्या आसपास येईल. दोन्ही कोनांतला फरक बारा अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा तिसावा भाग. नकाशावर या दोन अक्षांशांमधले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,३३० किलोमीटर आहे. त्याला तीसने गुणा. पृथ्वीचा चाळीस हजार किलोमीटरचा परीघ आठवीच्या मुलांनी एका काठीने मोजला, असे होईल. नामदेवांच्या वाटेवरच्या दोन गावांनी मिळून पृथ्वी मोजावी, यापेक्षा सुंदर शालेय प्रकल्प मला तरी सुचत नाही.

हिंगोली शहरातल्या शाळांना लांब जायचीही गरज नाही. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे निजामाच्या काळातल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीची आहेत. शहराच्या नकाशावर ही नावे मांडली की छावणीचा आराखडा वर येतो. मग पुन्हा तोच प्रश्न: छावणी इथेच का? त्यासाठी पैनगंगेकडे पाहा. आज ती मराठवाडा आणि विदर्भ यांच्यातली सीमा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या पलीकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होता. नदी सीमा कधी होते आणि कधी वाट होते, यावर मुलांना अंदाज बांधू द्या, त्यांचा अंदाज चुकला तरी चालेल.

आणि ‘इथेच का’ हा प्रश्न फक्त जुन्यालाच लागू नाही हे कळण्यासाठी औंढ्याजवळचे दुधाळा आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा तिथे होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिचे दोन बाहू प्रत्येकी चार किलोमीटरचे असतील. अशा यंत्राला जमिनीची आणि माणसांच्या वर्दळीची थरथर कमीत कमी असलेली जागा लागते. दुसरीकडे याच जिल्ह्याला २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. या दोन गोष्टी एकत्र कशा असू शकतात, असे दहावीची मुले विचारतील. त्यांना सतत चालणारा बारीक कंप आणि क्वचित येणारा धक्का यांतला फरक शोधू द्या. नागनाथाच्या मंदिराची जागा आणि वेधशाळेची जागा एकाच नकाशावर ठेवून दोन काळांतल्या माणसांनी जमिनीकडे काय पाहून निर्णय घेतला, याची तुलना करता येते.

या सगळ्यावर आक्षेप येतील आणि त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत. पहिला धर्माचा. मंदिरात, गुरुद्वारात, दर्ग्यात किंवा शिरड शहापूरच्या जैन मंदिरात वर्ग नेला तर अभ्यास बाजूला राहून श्रद्धेचे प्रश्न पुढे येतील, कोणाला तिथे परके वाटेल, कोणी हक्काचा वाद काढील, ही भीती निराधार नाही. त्यावर उपाय स्थळ टाळणे हा नाही. वहीची शिस्त हा आहे. डाव्या पानावर फक्त जे पाहिले, मोजले, काढले ते. उजव्या पानावर ‘गावात असे सांगतात’ या मथळ्याखाली कथा. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळ फिरले ही कथा उजव्या पानावर आदराने लिहावी आणि देवळाची दिशा होकायंत्राने मोजून डाव्या पानावर लिहावी. शिक्षकाने दोन्हींचा निवाडा करायचा नाही. शिवाय वर्षभरात एकाच धर्माच्या स्थळाला भेट देऊन थांबू नये. भूगोलाला सगळ्या भिंती सारख्याच, कारण दगड तोच आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि गुणांचा. परीक्षेत औंढ्याच्या दगडावर प्रश्न येत नाही, ब्राझीलवर येतो, असे पालक म्हणतील. खरे आहे, दहावीचे पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर उभे आहे. पण तुलना करायला एक बाजू तरी घट्ट माहीत असावी लागते. ज्या मुलाने आपल्या ओढ्याचा उतार नकाशावर वाचला आहे, त्याला ॲमेझॉनचे खोरे रंगवताना नुसता हिरवा रंग भरावा लागत नाही. आणि इथे सुचवलेले बहुतेक उपक्रम तासिकेबाहेरचे नाहीत. खडक, मृदा, समोच्च रेषा, स्थानिक वेळ हे धडे शिकवायचेच असतात, ते थोडे बाहेर सरकवायचे आहेत. एवढे मात्र मान्य करायला हवे की स्थानिक गोष्टींतच रमलो तर भूगोल गावापुरता होईल. प्रत्येक उपक्रमाच्या शेवटी एक उडी दूरवर मारली पाहिजे, जशी सावलीच्या प्रयोगात घुमानकडे मारली.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि सुरक्षिततेचा, आणि जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेसाठी तो सगळ्यांत खरा आहे. म्हणूनच पहिली क्षेत्रभेट पायी जाता येईल अशीच असावी. औंढा किंवा सिद्धेश्वर धरण वर्षातून एकदा. गावातली बारव, गढी, विहीर, ओढा बाराही महिने. एसटी शालेय सहलींना प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत देते, ती जरूर घ्यावी, पण सहल निघाली नाही म्हणून भूगोल अडून राहू नये. भेटीआधी शिक्षकाने एकट्याने जागा पाहून यावी: आग्या मोहोळ कुठे आहे, भिंत कुठे सुटली आहे, सावली आणि स्वच्छतागृह कुठे आहे. मुलींसाठी ही शेवटची बाब दुय्यम नाही. शाळा व्यवस्थापन समितीला आधी सांगावे, देवस्थानाची किंवा जागेच्या मालकाची परवानगी लेखी घ्यावी, महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार यांची गर्दी टाळावी. त्या गर्दीचा उपयोग करायचाच असेल तर मोठ्या मुलांच्या छोट्या गटाने तीस यात्रेकरूंना फक्त ‘कुठून आलात’ एवढे विचारावे आणि ती गावे नकाशावर टाकावीत. तीर्थक्षेत्राचा प्रभाव कुठवर पसरतो, हे त्यातून दिसते.

वारशालाच आपल्यापासून इजा होईल ही शंकाही रास्त आहे. तीस मुले, तीस पेन्सिली आणि एक जुनी भिंत. त्यामुळे नियम थोडे आणि न वाकणारे असावेत: भिंतीवर खडू, तेल, पाणी, कागद काहीही लावायचे नाही, पडलेला दगडही उचलून आणायचा नाही, मोजपट्टी दगडाला न खरवडता धरायची. नमुने हवे असतील तर ते शेतातून आणि ओढ्यातून. अनुभव असा नाही की भेट दिल्याने जागा बिघडतात. ज्या जागेकडे कोणी फिरकत नाही तिथेच कचरा साठतो आणि दगड पळवले जातात.

शिक्षकाला हे सगळे आधी यायला हवे का? नको. त्याला पहिल्या वर्षी एकच जागा आणि एकच नोंद पुरे. जूनमध्ये गावातली एक बारव किंवा जुनी विहीर निवडावी, पायरीची उंची मोजावी, शाळेच्या भिंतीवर बारा रकान्यांचा तक्ता लावावा आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सातवीच्या दोन मुलांनी जाऊन आकडा आणावा. पुढच्या जूनमध्ये ती मुले आठवीत जातील तेव्हा तक्ता आणि दोर नव्या सातवीच्या हाती द्यावा, पण मागच्या वर्षीचा तक्ता काढून टाकू नये. दुसऱ्या वर्षीचा आलेख त्याच्या शेजारी लागला की जी चर्चा वर्गात सुरू होईल ती सुरू करण्यासाठी शिक्षकाला एक शब्दही बोलावा लागणार नाही.